रविवारचा रिपोर्ट

घिवलीत येऊन आत्माराम सावे कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक क्षणभर एकमेकांकडे बघतील. हवालदाराचं घर कुठलं असं विचारा, की कोणीही हातातलं काम टाकून तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल. म्हणजे परवापरवापर्यंत येत असे. आता येईल की नाही, सांगवत नाही.

घर नारळाच्या वाडीत. पुढे ओटा, ओट्यावर कुंड्यांची रांग, आणि रांग म्हणजे रांगच. बायकोने, मंगलाने, तुळशीला ऊन लागावं म्हणून एखादी कुंडी वीतभर पुढे सरकवली, तर चहाच्या आत ती मागे गेलेली असायची. मंगला म्हणायची, "फौज सुटून जमाना झाला, पण आमच्या घरातनं काय फौज सुटत नाय." आत्माराम हसायचा. त्याला ते बोलणं आवडायचं, खोटं कशाला बोला.

आता फौजेतलं त्याचं काम काय, ते नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आत्माराम पलटणीत सहायक होता. साहेबाच्या दिमतीला जो जवान असतो तो सहायक. साहेबाचे बूट चमकवणं, कपड्यांना इस्त्री, चहापाणी. ऐकणाऱ्याला वाटतं, हात्तिच्या, एवढंच? पण आत्मारामला विचाराल तर त्याच्या नोकरीचा जीव या कशातच नव्हता. तो होता सकाळच्या दाढीत. खर्डीकर साहेब आरशासमोर तोंडाला फेस लावून उभे राहायचे आणि आत्माराम चहाचा मग घेऊन शेजारी. साहेब आरशातूनच विचारायचे, "बोल, आत्माराम, काय चाललंय आपल्या लोकांचं?" मग आत्मारामने सांगायचं. कोणाच्या घरी काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, डाळीवरून कोण कुरकुरतोय. दाढी संपेपर्यंत रिपोर्ट संपायचा. मग साहेब तोंड पुसून म्हणायचे, "ठीक."

याला कोणी चहाडी म्हणेल. म्हणू दे. पण आत्मारामच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता, जव्हारकडचा जानू. डोंगरावरच्या पावसाच्या शेतीतून उठून फौजेत आलेला, मुळातच अबोल. एकदा बर्फातल्या चौकीवर असताना जानूने जेवण टाकलं. रात्रपाळीला बंदूक मांडीवर घेऊन नुसता बघत बसायचा. आत्मारामने सकाळच्या मगाबरोबर ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी अर्ध्या दाढीनिशी जानूला बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि त्याच दिवशी रजेवर घरी धाडलं. पुढे जानूने स्वतःच सांगितलं, "तू बोलला नसतास तर मी त्या बंदुकीनंच काय ते करून टाकलं असतं." त्या दिवसापासून आत्मारामच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. साहेबांना सांगितलं की माणूस वाचतो.

पुढे दोघांचे रस्ते वेगळे झाले. आत्माराम हवालदार होऊन घरी आला आणि वाडीत रमला. साहेब चढत गेले, ब्रिगेडियर झाले, त्याच्याही वर गेले. वर्दी उतरवल्यावर बाकीचे साहेबलोक पुण्यात बंगले बांधून कुत्री फिरवतात, पण यांना दिल्लीतल्या एका खात्याने उचललं. त्या खात्याला दारावर पाटी नसते म्हणे. त्यांचं काम एकच, देशात कुठे काय शिजतंय ते आधी हुंगायचं. तिथे ते सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसले. मग एके दिवशी टीव्हीवर दिसले ते गळ्यात पक्षाचा पट्टा घालून. वर्ष झालं नाही तोवर राज्यसभा, आणि लगेच मंत्री. किनाऱ्यावरचे सगळे नवे प्रकल्प त्यांच्याच हाताखाली.

त्या दिवशी आत्मारामने गावभर पेढे वाटले. रामा पागधरे, मासेमारीची बोट असलेला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, पेढा तोंडात टाकत म्हणाला, "काय रं हवालदारा, मंत्री तुझा साहेब झालाय का तूच मंत्री झालायस?" आत्माराम म्हणाला, "एकच हाय ते." आणि ते त्याला मनापासून वाटत होतं!

कारण साहेब त्याला विसरले नव्हते. दर रविवारी सकाळी फोन यायचा. साहेब तिकडे दाढी करत असायचे, नळाचं पाणी ऐकू यायचं. "बोल, आत्माराम, काय चाललंय आपल्या लोकांचं?" तोच प्रश्न, तोच आवाज. फोन वाजला की आत्माराम ओट्यावर ताडकन उभा राहायचा, टाच टाचेला लावून. मंगला आतून ओरडायची, "अहो, बसा की! त्या फोनमधनं साहेबाला तुमचे पाय थोडेच दिसतात?" ती चिडवायची, पण त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते बघायला मुद्दाम दारात येऊन उभी राहायची.

सांगायला काय, गावात काही ना काही असतंच. मच्छी कमी झाली, नारळावर रोग पडला, तारापूरच्या कारखान्यांच्या पाण्याने खाडी काळी झाली, कोणाचा पोरगा बोईसरला कामाला लागला. साहेब ऐकायचे. अधूनमधून विचारायचे, "लोक काय म्हणतात?" आत्मारामला वाटायचं, बघा, एवढा मोठा माणूस, पण गरिबाच्या डाळीची चौकशी अजून करतो.

आणि मग जेट्टी आली. म्हणजे यायची होती. घिवलीच्या किनाऱ्यावर एका कंपनीची जेट्टी आणि मागे गोदामं, असा बेत सरकारने जाहीर केला. बोटी लावायच्या जागा जाणार, सुकी मच्छी वाळत घालायची वाळू जाणार, सुरूच्या बनाकडच्या चार वाड्या जाणार. गाव पेटून उठलं. आणि पुढे कोण झालं? आत्मारामचाच मुलगा, नीलेश. बापाची उंची आणि आईची जीभ घेतलेला पोरगा. बोईसरला कारखान्यात वायरमन होता, सुटी टाकून दारोदार फिरायला लागला. आत्माराम कात्रीत सापडला. साहेबांच्याच खात्याचा प्रकल्प, आणि घरातनंच विरोध. पण त्याने नीलेशला अडवलं नाही. त्याचं सरळ गणित होतं, साहेबांना लोकांच्या मनातलं कळलं की साहेब काहीतरी करतील. जानूचं केलं तसं.

जेट्टीच्या जमिनीच्या मोजणीचा दिवस ठरला. गावात सगळ्यांना सांगितलं होतं की बायकांनी डांबरी रस्त्यावर बसायचं. पण नीलेशच्या डोक्यात वेगळंच होतं. मोजणीवाले खाडीकडच्या वाटेने येणार, असा रामाचा अंदाज होता, म्हणून खरं ठाण तिकडे मांडायचं. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात हे ठरलं. रामा ऐकून निघून गेला. मग राहिली घरचीच चार माणसं. आत्माराम, मंगला, नीलेश आणि त्याची बायको स्नेहल. मंगला म्हणाली, "उन्हात बसायचं म्हणजे पोटात कायतरी हवं. पहाटे उठून रव्याचे लाडू वळते, पंचवीस तरी बायका असतील." स्नेहल म्हणाली, "आई, मी पण उठते." हसतखेळत ठरलं सगळं. आणि त्या संध्याकाळी रविवार नसतानाही साहेबांचा फोन आला. आत्माराम ओट्यावर उभा राहिला आणि नेहमीसारखाच बोलला.

पहाटे बायका लाडवांचे डबे घेऊन खाडीच्या वाटेवर पोचल्या, तर तिथे आधीच पोलिसांच्या गाड्या! दोरखंड बांधलेले. महिला पोलीस तयार. नीलेशला गाडीत घातलं. मोजणी दुपारपर्यंत आटपली.

नीलेश दुसऱ्या दिवशी सुटून आला. जेवायला बसला आणि भात कालवता कालवता थांबला. "आई, तिथं साध्या कपड्यातला एक साहेब होता. डबे अजून बंदच व्हते, आणि त्यानं मला पयला प्रश्न काय विचारला ठाऊक हाय? म्हणाला, 'झाले का तुझ्या आईचे लाडू?'"

मंगलाच्या हातातला डाव तसाच राहिला. लाडवांचं रामालाही माहीत नव्हतं. रामा त्याआधीच उठून गेला होता.

चौघंच जेवायला होती आणि चौघंच त्या संध्याकाळी होती.

आता तुम्ही म्हणाल, आत्मारामच्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. नाही पडला. आणि तो बनेलपणा नव्हता, हे समजून घ्या. कोणाला काही सांगितलं का, असं देवासमोर उभं करून विचारलं असतं, तरी त्याने छातीवर हात ठेवून नाही म्हटलं असतं. कारण साहेबांना सांगणं हे त्याच्या लेखी बाहेर सांगणं नव्हतंच. आरशासमोर बोललेलं आरशापाशीच राहतं, ही त्याची फौजेपासूनची समजूत. सहायकाशिवाय दुसऱ्या कोणाला ही चूक करता येणार नाही. त्याने ती केली, आणि त्याला पत्ताही नव्हता.

पाठोपाठ नीलेशला तडीपारीची नोटीस आली. जमाव जमवतो, सरकारी कामात अडथळा आणतो, सबब दोन वर्षं जिल्ह्याबाहेर का घालवू नये. आत्मारामच्या पायाखालची वाळू सरकली. चोर, दारूवाले, चाकू चालवणारे तडीपार होतात. त्याचा पोरगा? त्याने पहिल्यांदाच रविवारची वाट न बघता आपणहून साहेबांना फोन लावला. साहेब शांतपणे म्हणाले, "मी बघतो, आत्माराम. काळजी करू नकोस." आणि मग जरा थांबून म्हणाले, "पण एक लक्षात ठेव. अशी बातमी घरातूनच फुटते. जवळच्या माणसाकडे बघ."

आत्मारामने ते वाक्य जसंच्या तसं नीलेशला नेऊन दिलं. "साहेब म्हणतात, घरातनंच फुटते."

घरात आई, बाप आणि बायको. आई-बापावर कोण संशय घेतो? राहिली स्नेहल. आणि स्नेहलचा भाऊ प्रदीप कोळगावला जिल्हा मुख्यालयात कारकून. झालं! आणखी काय पुरावा पाहिजे? नीलेश तिच्याशी बोलेनासा झाला. एका दुपारी तिने भावाला फोन लावला, तेव्हा त्याने सरळ तिच्या हातातून फोन ओढून घेतला आणि विचारलं, "काय सांगत व्हतीस त्याला?" ती म्हणाली, "मावशीच्या बाळ्याच्या लग्नाला येतोस का, ते." नीलेश म्हणाला, "ते तरी खरं हाय का?"

स्नेहल रडली नाही. आत गेली आणि पिशवी भरली. आत्माराम तेव्हा ओट्यावर होता. ती पायरी उतरून वाकली, नेहमीसारखी पाया पडली, आणि क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत थांबली. एक शब्द बोलला असता तर? 'पोरी, कुठं चाललीस' एवढंच? पण साहेब म्हणाले होते, घरातनंच फुटते. आत्मारामने मान वळवली आणि एक कुंडी रांगेत सरकवली. ती उमरोळीला माहेरी निघून गेली.

मंगला त्या दिवसापासून नवऱ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागली. म्हणाली, "त्या पोरीनं माझ्याबरोबर पहाटे उठून लाडू वळले. ती असं करील? माझं मन नाय घेत." आत्माराम म्हणाला, "साहेब बघतायत."

आणि साहेब आले की हो! बोईसरला मोठी सभा ठेवलेली, माजी सैनिकांचा सत्कार. साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं, "आत्माराम, तू स्टेजवर हवास. सगळ्या घराला घेऊन ये." आत्मारामला वाटलं, आलं गाडं रस्त्यावर. साहेब चारचौघांत नीलेशच्या खांद्यावर हात ठेवतील आणि तडीपारी तिथल्या तिथे संपेल. त्याने मंगलाला तयार केलं, नीलेशच्या नाकदुऱ्या काढल्या. "एकदा माझं ऐक. माझ्यासाठी नको, पण ये." उमरोळीलाही निरोप गेला. स्नेहल आली, भावाला बरोबर घेऊन. नवरा बोलत नसला तरी त्याची तडीपारी टळावी असं तिला वाटतच होतं. रामा बोटीवरचे दहा-बारा जण घेऊन आला. म्हणाला, "हवालदाराचा साहेब जेट्टीचं कायतरी बोलेल, ऐकू तरी."

मंडपात बोईसरच्या कामगारांची गर्दी. माणसं घामाने निथळत होती. आत्मारामने ट्रंकेतली टोपी काढली होती, छातीवर पदकं लावली होती. साहेब आले. केस पांढरे झालेले, बाकी तेच. सगळ्यांसमोर त्यांनी आत्मारामला मिठी मारली. त्या घटकेला मेलो असतो तरी चाललं असतं, असं आत्मारामला वाटलं. आणि पुढचं बघता, मेला असता तर बरंच झालं असतं.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि त्याला शेजारी उभं ठेवूनच माईक घेतला.

"मित्रांनो, लोक मला विचारतात, खर्डीकर साहेब, तुम्ही दिल्लीत बसून या किनाऱ्याची नाडी कशी ओळखता? अरे, माझा आत्माराम आहे ना घिवलीत! मी फौजेत होतो, खात्यात होतो, आज सरकारात आहे. पण हा माणूस बदलला नाही. दर रविवारी मला रिपोर्ट देतो. गावात कोण काय ठरवतंय, ते कलेक्टरच्या आधी मला कळतं. मोजणीच्या वेळी मोठा अनर्थ टळला, तो या एका निष्ठावान शिपायामुळे. टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि टाळ्या झाल्या. कडाडून झाल्या. मंडप दणाणला. फक्त डाव्या हाताला घिवलीची माणसं बसली होती, तिथून एकही टाळी आली नाही.

आत्माराम शाल पांघरून उभा होता, टाच टाचेला लागलेली. त्याला रामा दिसला. रामाने टाळीसाठी हात उचलले होते, ते तसेच गुडघ्यावर उतरले. त्याला मंगला दिसली, तिने पदर तोंडाला लावला होता. स्नेहल दिसली. ती त्याच्याकडे बघतच नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. आणि नीलेश उठून उभा राहिला होता. बापाकडे बघत होता, अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

स्टेजच्या पायरीशी दोन कामगार उभे होते. एकाने विचारलं, "ये कौन है भाई?" दुसरा कौतुकाने म्हणाला, "मंत्रीजी का खास आदमी है. अंदर की खबर यही देता है."

सभा संपल्यावर आत्माराम मागच्या खोलीत घुसला. रखवालदाराने अडवलं तर साहेबच म्हणाले, "येऊ दे त्याला, घरचा आहे."

"साहेब," आत्माराम म्हणाला, "लाडवांचं मी तुमाला सांगितलं व्हतं. तुमाला."

"मग? मी पुढे कळवलं. कळवायलाच हवं होतं."

"माझी सून घरातनं गेली, साहेब. घरातनं फुटते असं तुमी म्हणाले, म्हणून."

"खोटं म्हणालो का?" साहेब तसेच शांत. "आत्माराम, पलटण असो, खातं असो, सरकार असो, काम एकच आहे. माणसांच्या मनात काय आहे ते आधी कळलं पाहिजे. तुझ्याइतकं चोख कोणीच सांगत नाही. उगाच का मी इतकी वर्षं तुला फोन करतो?"

उगाच का! बघा, शेवटी तोंडातून बाहेर पडलंच. आत्मारामला वाटत होतं, मायेने फोन येतो. केसाने गळा कापला, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर साधी लाजही नाही. उलट शाबासकी!

"आणि नीलेश? तुमी म्हणाले, मी बघतो."

"बघितलं म्हणून तर तडीपारीवर भागलं. वरचे लोक त्याला आत टाकायच्या बेतात होते. तुझा मुलगा म्हणून मी शब्द टाकला. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातात."

आयुष्यात साहेबांसमोर आत्मारामने कधी जास्तीचा शब्द काढला नव्हता. पण त्या दिवशी काढला.

"पलटणीत मी जानूचं सांगितलं, तवा तुमी त्याला रजा दिली व्हती, साहेब. हितं माझ्या पोराचं सांगितलं, तर तडीपारी दिलीत. मी तर दोनी येळेला सारखंच सांगितलं."

साहेबांना जानू आठवेना. "कोण जानू?" ते म्हणाले.

आत्मारामने सलाम ठोकला नाही. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ तिच्यावर ठेवला, आणि बाहेर आला.

बाहेर घरची मंडळी जीपजवळ उभी होती. तो सरळ स्नेहलसमोर गेला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "पोरी, मला ठाऊक नव्हतं गं मी काय करतोय ते. देवाशपथ नव्हतं."

स्नेहल म्हणाली, "बाबा, तुमी फोनवर बोललात, ते राहू द्या. तुमाला नव्हतं कळत. पण मी पिशवी घेऊन तुमच्या पाया पडले, तेव्हा तुमी मान वळवलीत. ते तर कळत व्हतं ना?"

ती चिडून बोलली असती तर निदान झेललं असतं. ती हळू आवाजात बोलली, आणि ते बरोबर होतं.

घिवलीला परत येईपर्यंत गावात बातमी पोचली होती. कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. रामाने फक्त रस्ता बदलला. रोज संध्याकाळी तो हवालदाराच्या ओट्यावर टेकायचा, तो आता मागच्या वाटेने बोटीकडे जायला लागला. दुकानात आत्माराम शिरला की गप्पा थांबायच्या. लोक पिकाबद्दल बोलायचे, ऊनपावसाबद्दल बोलायचे. बोलणं बंद नव्हतं, पण त्याच्यासमोर कोणी मनातलं बोलेना. ज्या माणसाला गावाचं सगळं ठाऊक असायचं, त्याला आता कोणाच्या गाईने वासरू दिलं तेही सगळ्यात शेवटी कळायचं.

कोळगावला सुनावणी झाली आणि हुकूम निघाला. दोन वर्षं. नीलेशने काही अपील वगैरे केलं, ते चालू राहील, पण तोवर जायचं तर होतंच. स्नेहल म्हणाली, मी पण येते. नीलेशने तिची माफी कशी मागितली ते कोणाला माहीत नाही, पण निघायच्या दिवशी दोघं एका ताटात जेवली, हे मंगलाने पाहिलं, आणि सगळ्या वाताहतीत तेवढंच तिच्या जिवाला बरं वाटलं.

सामान फारसं नव्हतं. दोन बॅगा, एक गाठोडं, नीलेशची हत्यारांची पेटी. मंगलाने डबा भरून दिला. रव्याचे लाडूच होते, आणि देताना ती ढसाढसा रडली. आत्माराम ओट्याच्या टोकाला उभा होता. पुढे जावं की नको, त्याला सुधरत नव्हतं. नीलेशने वाकून नमस्कार केला. केला, हे सांगायला हवं. पोराने बापाचा मान ठेवला.

आत्मारामने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "कुठं राहशील रं? जागा बघितलीस का?"

नीलेशने बॅग उचलली. मान खाली घालूनच म्हणाला, "आईला सांगितलंय."

आणि मंगलाने, आयुष्यभर ज्या बाईने नवऱ्यापासून मिठाची चिमूटही लपवली नाही, त्या बाईने नजर दुसरीकडे वळवली. जीप सुरूच्या बनाकडून वळून दिसेनाशी झाली. गुजरातेत गेली की नाशिककडे, गावातही दोघातिघांनाच ठाऊक आहे, आणि त्यांत आत्माराम नाही.

रविवार आला. सकाळी फोन वाजला. मंगला मागच्या दारी होती, ती आली नाही. आत्माराम सवयीने ताडकन उठला. मग फोनकडे बघत उभा राहिला. उचलला.

पलीकडे नळाचं पाणी वाहत होतं. "बोल, आत्माराम. राग गेला का? चल, सोड आता. मुलगा पोचला का व्यवस्थित?"

"पोचला असंल."

"कुठे राहतोय तो?"

आवाज तोच होता, मायेचा, दाढीच्या फेसातून येणारा. आपल्या पोराने आपल्याला का सांगितलं नाही, ते आत्मारामला त्या घटकेला मुळापासून कळलं. आणि पोराचं बरोबर होतं, हेही कळलं. ठाऊक असतं तर जिभेवर आलं असतं का? तो स्वतःलाच विचारत होता, आणि 'नाही' असं छातीठोक म्हणवत नव्हतं.

तो ओट्याच्या कडेला बसला. साहेबांचा फोन कानाला असताना आत्माराम सावे पहिल्यांदाच बसला.

"मला ठाऊक नाय, साहेब," तो म्हणाला. "मला आता कोण काय सांगत नाय."

पलीकडे पाणी थांबलं. मग साहेब म्हणाले, "ठीक," आणि फोन बंद झाला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आत्माराम अजून रविवारी सकाळी फोन जवळ घेऊन ओट्यावर बसलेला असतो. साहेबांची वाट बघत नसतो तो. पण पोराचा फोन येतो तो आत, मंगलाच्या फोनवर, ती दार लोटून घेते आणि हळू आवाजात बोलते, आणि आतून लाडवांचं, पाण्याचं, भाड्याच्या खोलीचं काहीबाही ऐकू यायला लागलं की आत्माराम उठून वाडीत लांब निघून जातो, शब्द कानावर पडू नयेत म्हणून.